प्रभूच्या गौरवासाठी, दर शनिवारी

७ मे, रविवार
उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी जाहीर केलं की मंडळीच्या साप्ताहिक पत्रकात ख्रिस्ती कादंबरी छापायची आहे. दर रविवारी एक प्रकरण, एकूण बारा. कुणी लिहील का? सगळे एकदम आपापल्या छत्र्या शोधायला लागले. मी हात वर केला.

माझं शिक्षण आठवी. शाळा मी माझ्या मर्जीने सोडली. हेडमास्तरांनी त्यांची मर्जी आधीच कळवली होती, ती गोष्ट वेगळी. देव मार्कशीट मागत नाही.

पाळकसाहेब म्हणाले, वहीच्या पहिल्या पानावर 'मी का लिहितो' ते प्रामाणिकपणे लिहा. हेतू शुद्ध पाहिजे.

माझं अक्षर घाईचं आहे. कुणाला लागत नाही. म्हणून ठरलं की दर शनिवारी तीन वाजता मी चर्चच्या ऑफिसात टायपिस्टच्या शेजारी बसायचं, मी वाचायचं, तिने टाइप करायचं. टायपिस्ट म्हणजे कॉयरमध्ये दुसऱ्या रांगेत डावीकडून पहिली. पत्रकाचं टायपिंग तिच्याकडे असतं हे मला हात वर करण्याआधी माहीत होतं. त्याचा इथे संबंध नाही.

८ मे, सोमवार
पहिलं पान लिहिलं. मी का लिहितो: एक, प्रभूच्या गौरवासाठी. दोन, एक तरी आत्मा वळावा म्हणून. तीन, गावाकडच्या लोकांना कळावं की मी इथे नुसत्या चादरी धूत नाही. तिसरं खोडलं. त्या जागी परत 'प्रभूच्या गौरवासाठी' लिहिलं, जरा मोठ्या अक्षरात.

माझ्या खोलीत राहणारा वेल्डर पान वाचायला गेला, वाचता आलं नाही. मग विचारतो, "यात ती कुठे आहे?" म्हटलं, कोण ती. तो हसत आंघोळीला गेला. वेल्डिंगने माणसाची दृष्टी बिघडते.

१३ मे, शनिवार
पहिलं प्रकरण झालं. पावणेतीन तास लागले. मी सावकाश वाचलं, अर्थ नीट पोचावा म्हणून.

नायक मोठ्या लाँड्रीत कामाला आहे. उंच, देवभीरू, कमी बोलणारा. खलनायक त्याचा सुपरवायझर. आमच्या सुपरवायझरशी त्याचा काही संबंध नाही. आमच्याच्या गळ्यात शिट्टी असते, कादंबरीतल्याच्या गळ्यात घंटा आहे.

तिने एकच विचारलं, नायिकेच्या डाव्या गालावर तीळ कशासाठी? म्हटलं, ते आपोआप आलं. तिने गालावर हात ठेवला आणि एका हाताने टाइप करत राहिली. वेग कमी झाला, पण मला घाई नव्हती.

२० मे, शनिवार
दुसरं प्रकरण. परतताना बसमध्ये एक गोष्ट लक्षात आली. खलनायकाला पश्चात्ताप झाला की कादंबरी संपणार. मग शनिवारही संपणार. म्हणजे वाचकांचे.

तेव्हा त्याला लवकर सुधारायचं नाही. पापी माणूस बारा आठवड्यांत सुधारतो यावर कोण विश्वास ठेवील? चाळीस प्रकरणं तरी लागतील. पाळकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, बाराच. म्हटलं, प्रार्थना करून बघू.

३ जून, शनिवार
घात झाला. हॉस्पिटलच्या चादरींची गाडी आता शनिवारी दुपारी येणार आणि चादरी इस्त्री करणाऱ्या रोलरवर संध्याकाळी सहापर्यंत मी. सुपरवायझरकडे सुट्टी मागितली. कारण विचारलं, खरं सांगितलं, कादंबरी. तो म्हणाला फॉर्ममध्ये तसा रकाना नाही.

चहाच्या सुट्टीत चौथं प्रकरण लिहिलं. खलनायक जिन्यावरून पडतो. एक पाय मोडतो. पान शिल्लक होतं म्हणून दुसराही मोडला. यात माझा राग नाही, देवाचा न्याय आहे.

५ जून, सोमवार
काल पत्रकातलं कादंबरीचं पान कोरंच निघालं. पाळकसाहेबांचा निरोप आला, प्रकरण कुठे आहे? वही पाठवली. संध्याकाळी परत आली. टायपिस्टला पहिल्या तीन ओळींच्या पुढे जाता आलं नाही.

मग डोक्यात वीज चमकली. माझं अक्षर वाचणारा एक माणूस या शहरात आहे. खराब चादरीला मी चिठ्ठी लावतो, 'डाग शाईचा, निघत नाही', 'कोपरा फाटका', आणि गेली तीन वर्षं त्या सगळ्या चिठ्ठ्या एकच माणूस वाचतो. सुपरवायझर.

त्यालाच पाठवायचं. स्वतःची पापं स्वतःच्या तोंडाने, तेही एका सज्जन मुलीसमोर, मोठ्याने वाचू दे. लाजेने मान खाली जाईल, माझी पाळी बदलेल. एका दगडात दोन पक्षी, आणि वर चर्चचं काम.

त्याला म्हटलं, साहेब, मंडळीची सेवा आहे, शनिवारी तासभर. बाप्तिस्म्यानंतर या माणसाने पाणी फक्त मशीनमध्ये पाहिलेलं. वाटलं, हाकलून देईल. पण त्याने वही घेतली आणि खिशातला चष्मा पुसला. जरा कीवच आली.

१२ जून, सोमवार
त्याने वही परत दिली. लाजल्यासारखा दिसला नाही. म्हणाला, "तो घंटावाला माणूस. त्याला घरी कुणी नाही का रे?"

म्हटलं, खलनायकांना घर नसतं.

म्हणाला, "असतं. आपणच कुलूप उघडायचं आणि आपणच दिवा लावायचा, एवढंच."

मग शिट्टी वाजवून मला रोलरवर पाठवलं. वही उघडून बघतो तर समासात पेन्सिलीने त्याचं लिखाण: 'कामगारांवर ओरडतो कारण मागे एकाचा हात रोलरमध्ये गेला होता.' कालचं पत्रक काढून बघितलं, टायपिस्टने ते तसंच टाइप केलंय. लेखकाला विचारायची पद्धत राहिलेली नाही.

१७ जून, शनिवार
या आठवड्यात खलनायकाला अंगभर फोड आणले. तो वही घेऊन अडीचलाच निघाला. दाढी केली होती.

संध्याकाळी तिची चिठ्ठी त्याच्याच हाती आली. खलनायक अगदी जिवंत झालाय म्हणे. नायक मात्र जरा लाकडी वाटतो, दर प्रकरणात तो फक्त आणखी उंच होतो. त्याच्यासाठी काही काम शोधता येईल का?

वेल्डरला दाखवली. तो म्हणाला, सोपं आहे, नायकाला ऑफिसात पाठव. म्हटलं, तुला साहित्यातलं कळत नाही. पण सुचवलं बरोबर होतं. सोमवारी परत सुट्टी मागणार, तब्येतीच्या रकान्यात.

१९ जून, सोमवार
मागितली. सुपरवायझरने कपाळाला हात लावून बघितला. आल्याचा काढा पाठवला. सुट्टी नाही. म्हणाला, शनिवारचं वाचन मी सांभाळतो, तू काळजी करू नकोस.

२ जुलै, रविवार
सुपरवायझर उपासनेला आला. दुसऱ्या बाकावर, कॉयरच्या समोर. देवाने आपल्याला कसं बदललं याची साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा उभा राहिला. म्हणाला, मी दगड होतो. कुणीतरी माझ्यावर इतकं मन लावून लिहिलं. पाय मोडले, फोड आणले, घर जाळलं, पण जिवे मारलं नाही. मला वाटलं, लिहिणाऱ्याला माझ्याकडून अजून आशा आहे.

बायका रडत होत्या. पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर मला मिठी मारली आणि म्हणाले, हेतू क्रमांक दोन पूर्ण झाला. लेखकाला याहून काय हवं?

मला काहीच नको. मी आनंदात आहे. घरी येऊन आरशात बघितलं, आनंदातच होतो.

८ जुलै, शनिवार
चारच्या सुमारास टायपिस्ट स्वतः लाँड्रीच्या गेटवर आली. माझ्यासाठी. मी केस ओले करून गेलो.

पुढच्या प्रकरणांचा आराखडा आणला होता, तिने आणि सुपरवायझरने मिळून केलेला. नायक सेवेसाठी दूरच्या बेटावर जातो. खलनायक सुधारतो. नायिका त्याच्याशी लग्न करते. मी म्हटलं, माझं असं काही ठरलं नव्हतं, नायकाच्या मनाचं काय?

ती म्हणाली, "दादा, तुम्हीच पहिल्या पानावर लिहिलंय ना, प्रभूच्या गौरवासाठी? दोनदा. त्यांनी मला वाचून दाखवलं."

मंडळीत सगळ्यांनाच दादा म्हणतात. त्याला म्हणत नाही, हे फक्त नोंद म्हणून.

सही केली. नम्रता हाही लेखकाचा गुण आहे.

२३ जुलै, रविवार
पाळकसाहेबांनी त्या दोघांच्या विवाहाची सूचना वाचली. कुणाला हरकत असल्यास कळवावी, असंही म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत, मला तसं वाटलं. माझी छत्री बाकाखाली गेली होती, ती शोधत होतो.

बाहेर सुपरवायझरने गाठलं. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, लेखक, पुढच्या आठवड्यापासून शनिवारी तुला सुट्टी.

१३ ऑगस्ट, रविवार
आईचा फोन. पत्रकांचा गठ्ठा पोचला. शेजारणीकडून वाचून घेतला, दोघी रडल्या. इतकं चांगलं तुला कुठून सुचलं, विचारत होती. म्हटलं, प्रेरणा.

मग म्हणाली, "तो घंटावाला किती गुणी निघाला रे. तू पण तसाच हो बाबा. वेळेत दाढी कर, वेळेत लग्न कर."

बरं म्हटलं. फोन ठेवणार तेवढ्यात तिला आठवलं. तो दुसरा कोण होता, उंच पोरगा? सुरुवातीला चांगला होता की. ऐन वेळेला कधी हजरच नसायचा, शेवटी बेटावर धाडलास. असं का?

म्हटलं, आई, त्याला शनिवारी ड्युटी असायची.