जाड्या झाडाखालचा होकार

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझी तब्येत कशी आहे? (हे उगाच विचारत नाही, पण ते शेवटी.) भावजींचे गुडघे काय म्हणतात? आम्ही इकडे ठणठणीत आहोत, म्हणजे माझं डोकं सोडून बाकी सगळं.

तू बजावल्याप्रमाणे काल तुझ्या लेकीला घेऊन त्या देशोदेशीच्या झाडांच्या बागेत गेलो. दंतवैद्य मुलगा आईवडिलांसह ‘जाड्या झाडाखाली’ भेटणार होता. आता त्या बागेत प्रत्येक देशाचा वेगळा कोपरा. जपानात शिरलो तो चिलीतून बाहेर पडलो. नकाशा माझ्याच हातात होता (उलटा, असं तुझी लेक म्हणते). दोनदा कॅनडा तुडवून, घामाघूम होऊन आफ्रिकेत पोचलो, तर समोर पाण्याच्या टाकीएवढं जाडं झाड आणि खाली बाकावर मुलगा, आई, वडील कोणाची तरी वाट बघत बसलेले! माझा जीव भांड्यात पडला.

मुलगा चष्मेवाला, हसरा. मी विचारलं, लोक तुम्हाला घाबरतात का हो? तर म्हणाला, “सुरुवातीला घाबरतात, मग झोपून जातात.” काय हात असेल, मी मनात म्हटलं. आईने डब्यातलं खायला दिलं. पोरं झाडामागे जाऊन बराच वेळ हसत होती. ते बघून मला इतकं भरून आलं, की मी उठून जाहीरच केलं, आमच्याकडून होकार समजा. वडिलांनी विचारलं, “कशाला?” पण आईने त्यांना कोपर मारून गप्प केलं.

इतक्यात दंतवैद्याच्या वडिलांचा फोन. आम्ही केव्हाचे जाड्या झाडाखाली उभे आहोत म्हणाले. मी म्हटलं, अहो, आम्हीसुद्धा! दोघंही खरं बोलत होतो आणि दोघंही ओरडत होतो. मग उलगडा झाला, की तसलंच झाड ऑस्ट्रेलियातही आहे. आमचा चष्मेवाला रात्रीची बस चालवतो आणि ही मंडळी नुसती हिंडायला आली होती, मावशीची वाट बघत. आता दिलेला शब्द पाळू की तुला तोंड दाखवू, काही कळेनासं झालंय.

थोरांना नमस्कार, तुझ्या रागाला दोन नमस्कार.

तुझा गोंधळलेला,
भाऊ

ता. क. दंतवैद्याकडच्यांना मी सांगून टाकलं, की ताईला अचानक चक्कर आली म्हणून आम्ही तसेच परत फिरलो. ते रविवारी तुला बघायला येताहेत. तोवर कृपा करून बरी होऊ नकोस.

आणखी एक ता. क. झाडावरच्या पाटीवर ‘असेच दुसरे झाड ऑस्ट्रेलिया विभागात’ असं ठळक लिहिलं होतं म्हणे. तुझ्या लेकीला विचारलं, वाचलं नाहीस का गं? म्हणाली, “पोचल्या पोचल्याच वाचलं, मामा.” हे वाचून तुला खरोखरच चक्कर आली असेल, तर रविवारचं काम सोपं झालं.