आवाज येतो, बोलणं न्हाई

पूर्णा, ३ डिसेंबर २०२३

चि. सुकेशनीस, जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

झटका आल्यापासून हातपाय ठीक हायेत, बोलतो बी. पण समोरच्याचं बोलणं कळत न्हाई. इंजिनाचा भोंगा ऐकू येतो, कुकरची शिट्टी येती; तुझी आई बोलायली की नुसती कुजबुज, शब्दच न्हाई. डॉक्टरनं तिला लय वेळ समजावलं, मी भिंत बघत बसलो. तिला लिहिता येत न्हाई, अन् मोबाइलवरची बारीक अक्षरं मला दिसत न्हाईत. तू शाळेत मेंदू शिकवतीस, तवा तूच कागदावर कळव. मला येड लागलंय का? जावईबापूंना जयभीम.

तुझा बाबा, धम्मानंद

सोनपेठ, ८ डिसेंबर

ती. बाबांस, सविनय जयभीम. वि. वि.

डॉक्टरांशी फोनवर बोलले. तुम्हाला वेड लागलेलं नाही. कानही बरे आहेत. कानांच्या वर, मेंदूच्या दोन्ही बाजूंना आवाजातून शब्द ओळखणारा भाग असतो. तिथला रक्तपुरवठा तुटला. मागचा लहान मेंदू तोल सांभाळतो, तो शाबूत, म्हणून स्टेशनापर्यंत चालता. कपाळामागचा भाग विचार करतो, तोही नीट, म्हणून अजून आईच्या भाजीत खोड काढता! वाचायचा रस्ता वेगळा. डोळ्यांकडून डोक्याच्या मागच्या भागात, तिथून शब्दांकडे. तो चालू आहे, बाबा. मी रोज लिहीन. गोळ्या चुकवू नका. आमच्यावर माया असू द्या.

तुमची सुकेशनी

पूर्णा, २ जानेवारी २०२४

चि. सुकेशनीस, जयभीम.

तुझी पत्रं उशाला ठेवलीत. बातमी अशी की तुझी आई शेजारच्या अबोलीकडं अक्षरं शिकायली. जोडाक्षरं अजून जमत न्हाईत. काल पाटी माझ्यापुढं धरली. 'जेवा' लिहिलं व्हतं. लग्नापासून रोजच म्हणायची, पण काल मला रडू आलं. पोरांना आशीर्वाद.

तुझा बाबा

पूर्णा, १९ फेब्रुवारी

चि. सुकेशनीस, जयभीम.

परवा पुन्हा चक्कर आली. उठून तुझं पत्र उघडलं. अक्षरं दिसतेत, पण एकबी ओळखू येईना. माझ्या आजोबाच्या, निजामाच्या वक्ताच्या उर्दू कागदावानी. हात लिहायलाय, पण काय लिहिलं ते मलाच वाचता येत न्हाई. तुझी आई पाटी धरती. मी मान हलवतो. ती खूश होऊन अजून लिहिती. काल मान हलवली तर ती घाबरून बघायली. काय विचारलं व्हतं कुणास ठाऊक. तिला सांगायचा धीर होईना. आता पत्र पाठवू नको. विसरू मात्र नको.

बाबा

सोनपेठ, २४ फेब्रुवारी

ती. आईस, जयभीम.

तुला माझा हा पहिला कागद. सावकाश वाच. बाबांना आता वाचता येत नाही. ते मान हलवतात, पण कळत नाही. मी दवाखाना गाठून विचारून आले. गेलेले परत येणार नाही. आई, पाटी ठेवून दे. ते बोलतील ते ऐकत जा. आपण काय सांगावे आणि कसे, ते मला ठाऊक नाही.

तुझी सुकेशनी