जोडाच्या पलीकडचं बाक

मार्लहॅवन,
रविवार, १५ सप्टेंबर १९७४

प्रिय लायनल,

तुझं पत्र पोचलं. तिकडे ऑस्ट्रेलियात थंडी सरली म्हणतोस. इकडे वारा नेहमीचाच आणि माझे गुडघेही नेहमीचेच. आईच्या आठवणीची पितळी पाटी बाकावर बसली. आज धक्क्यावर जाऊन बघून आले.

धक्का आहे तसाच आहे, सगळ्या खेळ-तमाशांसकट. भुतांची गाडी बंद पडलीय. वेड्यावाकड्या आरशांत मी अजून जाडीच दिसते. पेनी टाकली की फाशी देणारं ते खेळातलं यंत्र आठवतं? त्याला अजून चलनातून गेलेली जुनीच पेनी लागते, तिकिटाच्या खिडकीवर बदलून घ्यावी लागते. मी एक टाकली. दार उघडलं, लाकडी माणूस खाली गेला, दार मिटलं. तू डोळे झाकायचास आणि बोटांच्या फटीतून बघायचास.

तू लिहिलं होतंस, पाटी आईच्या नेहमीच्या बाकावर लाव, चहाच्या टपरीजवळ. तिथं नाही लावली. धक्क्याच्या पार टोकाला लावली.

आता म्हणशील, हिल्डाचं डोकं फिरलं. लढाईत शत्रू उतरू नये म्हणून धक्का मधोमध कापला होता, मग नव्या फळ्यांनी सांधला. त्या जोडापुढे आईनं कधी पाऊल टाकलं नाही. म्हणायची, जुन्या फळ्या माझ्या ओळखीच्या, या कुठल्या कोण. आपण पुढे पळायचो आणि ती टपरीपाशी विणत बसायची.

या उन्हाळ्यात मात्र ती पलीकडे गेली. चाकाच्या खुर्चीतून, मी ढकलत होते. फटींतून खाली पाणी दिसत होतं. तिनं डोळे गच्च मिटले, पण थांब म्हणाली नाही. टोकाच्या बाकावर बसवलं तेव्हा विचारलं,

"लायनलची बोट इथूनच दिसेल ना?"

"दिसेल," मी म्हटलं.

असं आठ आठवडे, रोज संध्याकाळी.

हो, आठ आठवडे. सगळं अचानक झालं असं मी तुला कळवलं होतं. अचानक काही झालं नाही. डॉक्टरांनी एप्रिलमध्येच सांगितलं होतं. त्याच दिवशी आई म्हणाली, लायनलला तार कर. मी केली म्हणाले. पोस्टात दिवसभर लोकांच्या तारा मीच घेते. तुझी करायला दोन मिनिटं पुरली असती.

मला तुझा राग यायचा, खरंच सांगते. तू गेल्यापासून तेरा वर्षं तिचं सगळं मी केलं, आणि ती वाट बघायची टपालवाल्याची. तू आला असतास तर ते शेवटचे दिवसही तुझेच झाले असते. मला ते माझ्यासाठी हवे होते. मिळाले नाहीतच. ती समुद्राकडे बघत राहायची आणि मी खुर्ची धरून मागे उभी असायचे.

पाटीवर तू सांगितलंस तेच आहे, "तिला इथं बसायला आवडायचं." खोटं आहे, पण राहू दे. पाटी करणाऱ्यानं विचारलं, खाली कुणाकुणाची नावं घालू? तुझं एकट्याचं घातलं. माझ्या नावापुरती जागा होती, मी नको म्हटलं.

या पत्राखाली मात्र घालायलाच हवं.

हिल्डा