माझं घर, पिवळ्या गोळ्या आन मागली खोली

मी शिवबाई, चनबसप्पा तोळणुरे यांची बायको, सात वर्सांमागं विधवा झालेली, वय सदुसष्ट, माहेर मैंदर्गी, तितल्याच शाळंत चौथीपर्यंत शिकलेली, राहनार शुक्रवार पेठ, सोलापूर. आज माझ्या हातानं लिहून ठेवते की माझं डोकं जागेवर हाय. मला कुनी दरडावलेलं न्हाय, कुनी गोड बोलून भुलवलेलंबी न्हाय. गोड बोलायला घरात येतंय कोन? माझ्या माघारी माझ्या चीजवस्तूचं काय करायचं ते खाली सांगते. ह्याच्या आधी मी असला कागद केलेला न्हाय.

कलम १. गळ्यातलं इष्टलिंग माझ्यासंगट मातीत जाईल. कवळी ठेवून घेतली तरी चालंल, तिकडं चावायचं काय हाय?

कलम २. पोस्टाचं पुस्तक माझी नात नागम्मा हिला. दगडी जातं सून रत्नम्माला. दिवाळीला ती चार बायकांत म्हनली, "आमच्या अत्ती हट्टानं उपाशी राहतात." तिनं ते जातं एक पायली जवारीपुरतं ओढावं, मंग माझ्या हट्टाबद्दल बोलावं. वाईट वाटून घेऊ नये. जातं चांगलं हाय.

कलम ३. औषधांबद्दल. हे जरा लांबंल.

आमचे मालक गेल्यावर मी चूल पेटवायचं सोडलं. एका जिवासाठी पीठ मळायचं, मंग एकच ताट वाढायचं, मंग तेच घासायचं. त्यापरीस शिळी भाकरी आन शेंगाची चटनी उभ्या उभ्या खायची. एक दिवस नळावर घागर उचलताना डोळ्याम्होरं अंधारी आली आन पडले. डॉक्टर म्हनले, "आजी, रक्त कमी हाय, अंगात जीवनसत्त्वंच न्हाईत. काय खाता?" काय खाता ते त्यांनी इचारलं. कुनासंगट खाता ते न्हाय इचारलं.

दवाखान्यातल्या वीरभद्रप्पा कंपाउंडरनं माझ्या लेकाला, शिवपुत्राला, पुन्याला कार्ड टाकलं. तवापास्नं महिन्याला एक पार्सल येतंय. तांबडं टॉनिक, पिवळ्या गोळ्या, आन चार ओळी: "अव्वा, दोन सकाळी दोन सांजच्याला घे." तो सोता कधी येनार ते त्या चार ओळींत मावत न्हाय.

पिवळ्या गोळ्या लई देखन्या, आत तेल चमकायचं. मी समजले करडईचं तेल हाय. दुसरं पिवळं तेल मला म्हाईत न्हाय. आमच्या लिंगायतांत लिंगाला दावल्याबिगर तोंडात काही घालत न्हाईत, म्हनून रोज डाव्या तळहातावर लिंग घ्यायची, गोळी दावायची आन मंग गिळायची. असं आठ महिने चाललं. एकदा बाटली घेऊन दवाखान्यात गेले, तर वीरभद्रप्पा डोकं खाजवत बसला.

"आजी, ह्या कशाच्या हायत ठाव हाय का?"

"करडईच्या की."

"माशाच्या तेलाच्या हायत."

मी तितंच बाकड्यावर बसले. मंग म्हनले, "तरीच माझा गुडघा दुखायचा थांबला रे!"

मठात जाऊन स्वामींना इचारनार होते, पन गेले न्हाय. ते आदी गुडघ्याचं इचारतील आन मला बरा हाय म्हनून खरं सांगावं लागंल. लिंगाची माफी मागितली. आठ महिने ते काही बोललं न्हवतं, त्या दिवशीबी बोललं न्हाय.

तर बिनफोडलेल्या सगळ्या बाटल्या दवाखान्यात द्याव्या. मासे खानारं कुनी गरीब म्हातारं आलं की वीरभद्रप्पानं त्याला फुकट द्याव्या. टॉनिक मी मोरीत वतलंय. शिवपुत्रा, चिडू नगंस.

कलम ४. आता खरी गोष्ट, घराची.

मागल्या खोलीत अमिना बागवान भाड्यानं राहते. तिचे मालक इलाहीबक्ष ट्रकवर होते, ते गेल्यावर ती मंडईत पालेभाजी इकते. मी पडले त्या दिवशी तिनंच मला उचललं. दुसऱ्या दिवशी बारा वाजता मधल्या दारात येऊन ती म्हनली, "जेवलीस का गे?"

"जेवले."

"झूट! खरकटं ताट दाव."

ताट कुटनं दावू? तिथनं पुढं ती रोज बारा वाजता आपलं ताट घेऊन उंबऱ्यापलीकडं बसाया लागली, मी अलीकडं. ती माझ्या चुलीला शिवत न्हाय, मी तिच्या ताटातलं खात न्हाय. पन मंडईत उरलेली अंबाडी, चाकवत, राजगिरा ती माझ्या सुपात टाकते आन दटावते, "ताजी शिजव, उद्याला ठेवू नको." माशाचं ऐकून तर ती इतकी हसली की तिचा घास अडकला. वर म्हनते, "मला इचारायचं, मी वासावरनं सांगितलं असतं!"

दोन वर्सांत रक्त वाढलं. डॉक्टर म्हनले गोळ्या लागू पडल्या. मी व्हय म्हनले, बिचाऱ्यांचं मन कशाला मोडा.

गेल्या दिवाळीला शिवपुत्र टेप घेऊन आला आन भिंती मोजल्या. मला म्हनला, "अव्वा, पुन्याला चल." मी न्हाय म्हनले. मंग माझ्या माघारी अमिनाला सांगून गेला, भाडेकरू असला की घराला गिऱ्हाईक येत न्हाय, गुढीपाडव्यापतोर खोली मोकळी कर. ती मला एक अक्षर बोलली न्हाय. चार दिवस दार लावून आतच जेवली. मीबी चार दिवस चूल पेटवली न्हाय. पाचव्या दिवशी दार वाजवून भांडले, तवा तिनं रडत सांगितलं.

म्हनून लिहिते. घर शिवपुत्राचं. पन मागली खोली अमिना जिती हाय तवर अमिनाची. भाडं घेऊ नये, तिला काढू नये, मधलं दार चिनून टाकू नये. ती गेल्यावर त्यानं घर खुशाल इकावं. साक्षीला तीच बसनार होती, पन शेजारचे महिपती म्हनले, जिला मिळतंय तिची सही चालत न्हाय. ती रुसलीय. काय लिहितेस म्हनून इचारते. मी म्हनले, तुझ्या भाजीला किडा लागलाय ते लिहिते.

कलम ५. शिवपुत्रा, तुलाबी आता पंचेचाळीस लागलं. जवारीची भाकरी सोडू नगंस, रोज एक पालेभाजी खा, दुपारी ताक पी, जेवून शंभर पावलं चाल. आन कारखान्यात डबा एकटा उघडू नगंस.

कलम ६. अमिना माझ्यापरीस तीन वर्सांनी मोठी हाय आन हिवाळ्यात तिचा दम वाढतो. ती माझ्याआदी गेली तर कलम चार रद्द समजावं. मंग शिवपुत्रा, माझ्या मरनाची वाट बघत बसू नगंस. तिचे दिवस झाले की गिऱ्हाईक घेऊन ये. मी आडवी येनार न्हाय. पुन्याला चल म्हनलास तर तेबी चालंल. कुटंबी चालंल.

वरलं सगळं दोघा साक्षीदारांना वाचून दावलं आन त्यांच्या डोळ्याम्होरं सही केली. त्यांनीबी माझ्याम्होरं केली.

सही: शिवबाई चनबसप्पा तोळणुरे

साक्षीदार:
१. महिपती, निवृत्त पोस्टमन, शेजारी
२. वीरभद्रप्पा, कंपाउंडर

ठिकाण: शुक्रवार पेठ, सोलापूर
तारीख: ११ जानेवारी १९७६