शिबिर संपलं तरी रुता येतेय

प्रिय मासिना,

तू बरी असशील असं धरून चालते. बरी नसतीस तर शेजारच्या सेफिनाच्या आधी मला कळलं असतं, निदान कळायला हवं. हे फोनवर सांगता आलं असतं, पण आपलं घर नुसत्या खांबांवरचं, भिंती नाहीत नि तुझ्या लेकीला कान फार. म्हणून कागद घेतला. माझं अक्षर कोंबडी चालल्यासारखं, धीराने वाच. सेफिनाचा जावई शनिवारी तुमच्या ऑकलंडला परत चाललाय, त्याच्या हाती देते. पाकीट उघडलेलं दिसलं तर मला कळव.

आधी गोड बातमी. चर्चमधलं मुलांचं सुट्टीतलं शिबिर झालं. शेवटच्या दिवशी तुझी फेतू सगळ्यांच्या पुढे, कानामागे लाल फूल, नि नोहाची गोष्ट अशी सांगितली की पाद्रीबाबांनी रुमाल काढला. घामासाठी काढला असेल, मी मात्र डोळ्यांसाठीच धरला. नावेत सगळी जनावरं चढली, मग हिने आपली काळी कुत्रीपण चढवली, नावासकट! लोक हसून हसून पडले. अगं, काय सांगू, माझी छाती एवढी फुगली की पोलक्याचं बटण गेलं. ते कितीतरी दिवस तसंच राहिलं. सुईत दोरा ओवायला मला फेतू लागते, नि ती शिबिराच्या चटया धुवायला समुद्रावर जाऊन बसलेली.

तू तिला तिकडच्या शाळेत घालायचं म्हणालीस, तेव्हा मी म्हणाले होते, शिबिर होऊ दे, मग बघू. ते झालं. आता पुढचं ऐक.

शिबिरानंतर शिकवणाऱ्या मुली घरोघर जाऊन मुलांची विचारपूस करतात, एकेका घरी एकदा. आपल्याकडे ती उंच रुता, पाद्रीबाबांची भाची, येतच राहिली. मला तेव्हाच वास आला. पहिल्यांदा आली तशी मी चांगली चटई टाकली, रीतीप्रमाणे सगळं म्हटलं, तुमचे पाय आमच्या घराला लागले वगैरे, आणि फेतूला मागे चुलीकडे पिटाळलं. मोठ्यांच्या बोलण्यात पोरांचं काय काम? रुताने तोंड उघडलं की मी पुढे नीरफणसाचा तुकडा. जेवल्याशिवाय पाहुण्याने कामाचं बोलायचं नसतं, आणि मी जेवण काही संपू देत नव्हते. बिचारी पोट धरून गेली.

पुन्हा आली. या वेळी मधे मधे विचारते, आजी, रक्तदाबाच्या गोळ्या कुठे ठेवता? पाणी कोण भरतं? गुडघा रात्री दुखतो का? मी म्हटलं, गुडघा माझा आहे, मुलांच्या शिबिरात नव्हता! ती हसली. मला हसू नाही आलं. सेफिना कुंपणावरून ऐकत होतीच. म्हणाली, "अगं वेडे, ही तुझ्या मासिनाने लावलेली हेर आहे. म्हातारीला पोर सांभाळवत नाही असं सिद्ध करायचं आणि न्यायची उचलून." मला ते पटलं, मासिना. रागावू नकोस, पण पटलं. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा मी पाण्याची बादली स्वतः उचलून तिच्यासमोरून दोनदा फिरवली, गाणं म्हणत. नंतर कंबरेला तेल चोळत बसले ते वेगळं.

परवा मात्र ती तिन्हीसांजेला आली. मी चटई टाकतेय तोच संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला. सगळं गाव जागच्या जागी थांबलं, कोण कुठे जाणार? रुतापण खाली बसली. आणि प्रार्थना सांगायची पाळी होती फेतूची. पाहुण्यांपुढे तोंड उघडलं की मी तिला चुलीकडे पाठवते, पण प्रार्थनेत कुणाला गप्प करायचं? पोरीने बरोबर तेच पकडलं.

म्हणाली, "देवा, रुताताईला आमच्या घराची सवय लाव. आजीलाही तिची सवय लाव, ती फार संशय घेते. मी आईकडे गेले की आजी चूल पेटवणार नाही, नुसता कोको पिऊन झोपेल, ते बघायला ताईला सांग. सुईचा दोरापण. आणि आजीला सांग की मला सगळं माहीत आहे, आई फोनवर बोलत होती तेव्हा मी झोपले नव्हते. आमेन."

रुता मान खाली घालून म्हणाली, "आजी, मी हेच सांगायला येत होते, तुम्ही बोलू देता कुठे? शेवटच्या दिवशी आम्ही मुलांना सांगितलं की आता तुमच्या घरी येऊ. सगळी ओरडली, आमच्याकडे आधी! ही एकटी उभी राहिली. म्हणाली, ज्या घरात मूल नसतं, तिथे येता का?" मग तिने पोरीला शब्द दिला म्हणे. मी चालती हो म्हटलं तरी येणार.

मी तिला त्या दिवशी काही खायला घातलं नाही. पहिल्यांदाच! फेतूने सुई तिच्या हातात दिली, दोरा ओवायला लावला, सैल वाटला म्हणून पुन्हा ओवायला लावला, मग माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणजे पास. माझं बटण रुताने लावलंय. थोडं तिरकं आहे.

तर हे लिहायचं कारण. तू विचारून किती दिवस झाले नि मी शिबिराच्या मागे लपून बसले होते. आता मागे लपायला शिबिर नाही. तिकीट काढ. फेतूला सांगायची गरज नाही, तिने मलाच तयार केलंय.

तिरक्या बटणाची, पण पोटभर जेवणारी,
तुझीच आई