मामांच्या इंजिनात तिघांचं तेल

प्रिय मामा,

‘तीर्थरूप’ लिहिणार होते, पण हात ‘प्रिय’वर गेला. राहू दे. सुनेनं सासऱ्याला असं पत्र लिहायचं असतं का, तेही मला माहीत नाही. आज दुपारी तुमचं इंजिन फिरलं आणि तेव्हापासून मला काही सुचेनासं झालंय. हसावं की रडावं, हे विचारायचं तर तुम्हालाच, आणि तुम्हाला जाऊन आता तीन महिने झाले.

सात वर्षं एका घरात राहिलो आपण, पण थेट बोललो किती? तुम्ही ओट्यावर बसून आत्यांना सांगायचात, “तुझ्या सुनंला म्हणावं, चौदाचा पाना दे.” मी तुमच्या पुढ्यात उभी, पाना माझ्याच हातात! मग मीही पदर सावरून म्हणायचे, “आत्या, मामांना सांगा, चौदाचा नाय, सतराचा लागतोय.” आत्या वैतागायच्या. “म्या काय टपाल हाय का तुमचं?” जुन्या वळणाचं घर, सासऱ्याशी सुनेनं तोंड वर करून बोलायचं नाही. मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

इंजिन तुम्ही लासूर स्टेशनच्या बाजारातून टेम्पोत घालून आणलंत, तेही आत्यांसाठी. शेळ्या-मेंढ्यांचा कडबा हातानं तोडून त्यांचा खांदा कामातून गेलेला, आणि लाइट कधी येईल याचा भरवसा नाही. कुट्टी मशीन इंजिनावर चालवायचं, हे तुमच्या मनात. चांगलंच होतं की! पण घरात संभाजीनगरच्या आयटीआयत शिकलेली, वाळूजच्या कंपनीत रोज मशीनं उघडणारी फिटर सून असताना, जुनं इंजिन घेण्याआधी तिला एका शब्दानं विचारावंसं का वाटलं नाही तुम्हाला?

त्याचाच राग होता बहुतेक. तुमचे भाऊ धाकटे मामा, शेजारीपाजारी, सगळे बघायला जमलेले. मी चाक हातानं फिरवलं, तर ते भुर्रकन फिरलं. आत हवा दाबली जाते तिथं चाक अडलं पाहिजे, जोर लागला पाहिजे. कुठंच अडलं नाही. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की असं होतं. मी सगळ्यांसमोर बोलून मोकळी झाले, “आत्या, मामांना सांगा, रिंगा गेल्यात. फसवलं त्यांना.”

तुम्ही टोपी काढलीत, परत घातलीत. “तुझ्या सुनंला म्हणावं, बघू.” एवढंच. आठवडाभरानं तुमच्या छातीत कळ आली आणि तुम्ही गेलात.

मागच्या आठवड्यात लासूरहून दुरुस्तीच्या दुकानदाराचा फोन आला. इंजिनात डिझेल फवारते ती नोझल दुरुस्त होऊन कधीची पडलीय, घेऊन जा. इंजिन घेतलं त्याच दिवशी मामांनी काढून दिली होती, म्हणाला. त्याच दिवशी! मला वाटलेलं, ती तुम्ही नंतर काढलीत. म्हणजे मी चाक फिरवलं तेव्हा नोझलचं भोक उघडंच होतं. हवा तिथून निघून जात असताना चाक अडणार कसं? वर एक चिंधी टाकलेली होती, आणि ती उचलून बघण्याची अक्कल मला झाली नाही.

एक वाक्य बोलला असतात तर, मामा! का नाही बोललात? सुनेला उलट उत्तर द्यायचं नाही म्हणून? की चार माणसांत माझी फजिती नको म्हणून? किती वेळा दोन्ही बाजूंनी विचार केला, पण मला ठरवता येत नाही.

यांनी भंगारवाल्याला रविवारी बोलावलं होतं. त्याआधी, आज सुट्टीच्या दिवशी, मी भोकात तुम्ही नंतर ठोकलेलं लाकडी बूच काढून नोझल बसवली आणि हँडल मारलं. अर्धा फेरा झाला आणि ठक्! पुढं जाईना. मुलखाचा जोर लावला, तरी नाही. दाब सोडायची वरची लिव्हर झिजलेली, ती उचलून उपयोग नव्हता. पट्टा काढून पाहिला, म्हटलं कुट्टी मशीन अडलं असेल. ते नव्हतं. गंज धरला असता तर पिस्टन मागंही सरकला नसता, आणि हा मागं सहज येत होता. पुढं नेला की बरोबर त्याच जागी ठक्.

मी मांडी घालून तिथंच बसले. नाही फिरलं तर तुम्हाला खरंच फसवलं. फिरलं तर मी तुमच्यावर खोटा आळ घेतला, आणि तो ऐकून तुम्ही गेलात. मला नक्की काय व्हायला हवं होतं? अजूनही सांगता येत नाही.

शेवटी नोझल परत काढली आणि यांना हँडल मारायला सांगितलं. तर तेलाची चिळकांडी उडाली की थेट माझ्या तोंडावर! शेळ्या बिथरल्या. तोंड पुसताना वास आला करडईचा. मामा, इंजिनात करडईचं तेल!

“आवं, परवा अमुशाला म्या टाकलं वाटीभर,” आत्या म्हणाल्या. “ते टाकायचे ना दर अमुशाला, समद्या पडल्याल्या यंत्रांत. तुमाला कुनाला ध्यान ऱ्हातंय?” हे मान खाली घालून म्हणाले, “मी पण त्याच दिवशी ड्यूटीला जाताना टाकलं थोडं.” थोडं म्हणजे अर्धी बाटली. आणि त्याच दुपारी बूच काढून मीही टाकलं होतं. पडून असलेल्या कुठल्याही यंत्राला गंज धरू नये म्हणून तुम्ही झाकणभर पाजायचात. आम्ही तिघांनी तुमच्यासाठी म्हणून गुपचूप ओतलं, आणि त्या तेलानंच पिस्टन अडला. हवा दबते, तेल कुठं दबतंय?

हसता हसता मी दिवस मोजले. अमावस्या परवाची. इतकं तेल दोन दिवस पिस्टनच्या डोक्यावर उभं होतं. रिंगा गेलेल्या असत्या तर ते तेव्हाच खाली झिरपलं असतं.

सगळं तेल काढलं, नोझल बसवली, हँडल मारलं. दाब असा आला की हँडल उलटं आलं आणि माझं मनगट सुजलं. त्याच हातानं लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या. इंजिन अजून सुरू केलेलं नाही, डिझेल उद्या आणायचंय. भंगारवाल्याला यांनी नको म्हणून कळवलं.

तुम्ही पारखून आणलं होतंत, मामा. हे तुम्हाला ऐकू जायला हवं होतं आणि आता जाणार नाही. त्याचं काय करायचं, हे कुठल्या आयटीआयत शिकवत नाहीत.

एक मात्र करणार आहे, आणि ते तुम्हाला वचन म्हणून सांगते. रविवारी धाकटे मामा येतायत. तेव्हा शेजाऱ्यांनाही हाक मारून बोलावीन आणि सांगेन, की मामांना कुणी फसवलं नव्हतं, न बघता बोलले ती मी. आत्या म्हणतात, “लोक इसरले असतील गं आता.” विसरले असतील तर आधी आठवण करून देईन, मी तुम्हाला काय म्हणाले होते त्याची. मग सांगेन.

तुमची चुकलेली सून,
मंगल