कृपया म्हणजे काय?

गुरुवार, १४ मार्च

प्रिय दादा,

सलाम. इकडे सगळं ठीक आहे, असं पत्रात पहिल्यांदा लिहायचं असतं म्हणून लिहितो. तुझी खुशाली मला दूधवाल्याकडून कळते, म्हणजे नगरपालिकेच्या सभेत तू कुणाला झापलंस इथपर्यंतच. गुडघ्याचं काय झालं ते तो सांगत नाही.

चौदा महिन्यांत हे माझं पहिलंच पत्र. पूर्ण झालेलं पहिलं, असं म्हणू.

आधी गंमत ऐक. परवा येत्या रविवारच्या उपासनेचं पत्रक छापून आलं. माझ्या प्रवचनाचा विषय 'कृपा म्हणजे काय?' आणि छापलंय 'कृपया म्हणजे काय?' दोनशे प्रती. वीस वर्षं मी व्यासपीठावरून घसा कोरडा करून सांगतोय की देवाची कृपा कमावून मिळत नाही, आणि पत्रकात मी शिष्टाचाराचा तास घ्यायला निघालेलो. तडक छापखान्याला फोन लावला. छपाईवाला शांतपणे म्हणाला, "पाळकसाहेब, तुमच्याच अक्षरात आहे. कागद समोर धरलाय मी." मी म्हटलं, शक्यच नाही. तो म्हणाला, "मग या आणि बघा." वीस मिनिटं आम्ही हुज्जत घातली.

त्या वीस मिनिटांत स्वयंपाकघरात तेल तापत होतं. बायको बहिणीकडे गेलेली, आणि मला बटाटे तळून खायची हौस आली होती. फोन ठेवून वळलो तर पडदा पेटलेला आणि आग छताच्या फळ्यांना लागलेली. घाबरू नकोस, थोडे केस भाजले, ते तसेही जाणारच होते. शेजारणीने अग्निशमनवाल्यांना कळवलं आणि गाडी थेट दारात आली. कुठून आली ते तुला सांगायला नको.

सांगतोच. तुझ्या गल्लीतून आली. माझ्या बागेची भिंत पाच फूट मागे सरकवून रुंद केली, ती गल्ली. गाडीवरचा प्रमुख म्हणाला, "जुन्या गल्लीत गाडी शिरलीच नसती." तेव्हा नगरपालिकेच्या सभेत मतं समसमान पडली होती आणि अध्यक्ष म्हणून निर्णायक मत द्यायला तू सख्ख्या भावाच्या भिंतीविरुद्ध हात वर केलास. मला म्हणालास, "गाव आधी, घर नंतर. आणि त्या गावात तुझंही घर आहे, शहाण्या." तू जन्मभर कॉलेजात तुझे ग्रीक तत्त्वज्ञ शिकवलेस, म्हणून मला वाटलं पुस्तकातलं बोलतोयस.

पुढच्याच रविवारी मी प्रवचनात भावाचा घात करणाऱ्या भावाचा दाखला दिला. नाव घेतलं नाही. गरजही नव्हती, सगळी मंडळी माना वळवून तिसऱ्या बाकाकडे बघत होती. तू गीतांचं पुस्तक मिटलंस, जागेवर नीट ठेवलंस आणि निघून गेलास. मला त्या दिवशी बरं वाटलं होतं, दादा. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

तू म्हणायचास, माणूस सवयीने चांगला होतो, सुतार रंधा मारून मारून सुतार होतो तसा. मी म्हणायचो, आपल्या हातात काही नाही, सगळी कृपा. चौदा महिने मी रोज रुसायचा सराव केला आणि त्यात चांगला तरबेज झालो, तेव्हा तो मुद्दा तुझा. पण काहीही न कमावता, उलट भांडून, मला ती गल्ली मिळाली. हा माझा. कृपा नगरपालिकेच्या लाल गाडीतून येते एवढं मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं.

काल छापखान्यात जाऊन आलो. अक्षर माझंच आहे. विषय लिहून दिला त्या सकाळी मी तुला पत्र लिहायला बसलो होतो, अकराव्यांदा. दर वेळी 'कृपया' लिहून हात थांबायचा. मग तो कागद बाजूला सारून विषय लिहायला घेतला, आणि तोच शब्द उतरला.

पत्रक बदललेलं नाही. रविवारी त्याच व्यासपीठावरून, तुझं नाव घेऊन सांगणार आहे की चूक माझी होती. तू नसलास तरी सांगेन, ते तुझ्या येण्यावर अवलंबून नाही. पण तिसऱ्या बाकावरची तुझी जागा रिकामी दिसली की मी पुढचं वाक्य विसरतो. गीतांचं पुस्तक तू ठेवलंस तिथेच आहे.

पत्र दूधवाल्याच्या हाती देतोय, म्हणजे उद्या सकाळी पोचेल. हे बारावं. या वेळी त्या शब्दाच्या पुढेही लिहितो.

कृपया ये.

तुझा धाकटा